दुसऱ्यांदा उघडलेलं पोट

आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण आपण त्याच्याकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत.

एखाद्या अतिस्थूल माणसाचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन होतं. वर्षभरात वजन झपाट्याने उतरतं, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा चढायला लागतं. मग आजूबाजूचे काय म्हणतात? ‘एवढा खर्च केला, पण जिभेवर ताबा नाही.’ बरेच डॉक्टरही वर्षानुवर्षं असंच म्हणत आले. तेव्हा प्रश्न असा आहे, की अशा वेळी फसतं कोण? माणूस की ऑपरेशन? याचं उत्तर पहिल्या ऑपरेशनांच्या इतिहासात फारसं सापडत नाही. ते सापडतं दुसऱ्या ऑपरेशनांच्या इतिहासात, म्हणजे तेच पोट पुन्हा उघडावं लागलं त्या इतिहासात.

सुरुवात अमेरिकेतली. 1954 साली मिनेसोटातल्या क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा मोठा भाग वगळला तर अन्न कमी शोषलं जातं, हे त्यांना दिसलं. 1956 पासून लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड यांनी दहा रुग्णांवर याहून धाडसी प्रयोग केला. लहान आतड्याचा वरचा थोडा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. आता गंमत बघा, दुसरं ऑपरेशन त्यांच्या योजनेत पहिल्यापासूनच होतं. वजन हवं तेवढं उतरलं, की पोट पुन्हा उघडायचं आणि आतडं पूर्ववत जोडून द्यायचं. तोवर माणूस कमी खायला शिकलेला असेल, शरीरालाही नव्या वजनाची सवय झालेली असेल, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब साफ चुकला. वजन तर उतरलं, पण जुलाब थांबेनात, शरीरातले क्षार ढासळले, यकृतावर परिणाम झाला. म्हणून आतडं पूर्ववत जोडलं, तर गेलेलं वजन परत आलं.

इथे जरा थांबू या. बारीक झालेला माणूस, बारीक राहण्याची पुरेपूर इच्छा असलेला, इतके हाल सोसलेला. तरी जोडणी काढल्यावर शरीर त्याला जुन्या वजनाकडे ओढून नेतं. हा केवळ सवयीचा खेळ असता तर असं झालं नसतं. माझ्या मते दुसऱ्या ऑपरेशनाने शिकवलेला हा पहिला धडा, आणि तो समजायला वैद्यकाला पुढची पन्नास वर्षं लागली.

पेन आणि डीविंड यांनी मग जोडणी बदलली. 1969 साली त्यांनी जी पद्धत मांडली तिच्यात सुमारे 35 सेंटिमीटर वरचं आणि 10 सेंटिमीटर खालचं लहान आतडं वापरात राहत असे. म्हणजे कित्येक मीटर लांबीतलं जेमतेम हातभर! ही पद्धत हजारो लोकांवर वापरली गेली. मग त्यांच्यात मुतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांचा अभाव दिसू लागला, आणि काहींचं यकृत निकामी होऊ लागलं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत शल्यचिकित्सकांपुढे पेच उभा राहिला. जोडणी तशीच ठेवली तर जिवाला धोका, आणि नुसती पूर्ववत केली तर वजन परत. यातून वाट निघाली ती अशी, की आतडं पूर्ववत करायचं आणि त्याबरोबर जठर लहान करायचं.

जठराची ही कल्पना आली आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्याकडून. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असे त्यांचं वजन सहसा वाढत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. 1966 साली चिकाशी इतो यांच्यासह त्यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. वर एक छोटी पिशवी ठेवायची आणि तिला आतडं जोडायचं. पण या जोडणीत पित्त उलटं वर येऊ शकायचं, म्हणून 1977 साली केंटकीच्या ग्रिफेन यांनी तिथे रू यांच्या नावाची इंग्रजी वाय आकाराची जोडणी वापरली. त्याच सुमारास जठर न कापता नुसत्या स्टेपलच्या रांगांनी बंद करण्याची सोपी रीत आली. ऑपरेशन सुटसुटीत झालं खरं, पण काही रुग्णांत ती रांग उसवली. अन्न जुन्या वाटेने जायला लागलं आणि वजन वाढलं.

आता विचार करा, असा रुग्ण तपासणीला आला आणि म्हणाला, ‘पूर्वीसारखं पोट भरल्यासारखं वाटत नाही हो,’ तर ते खादाडपणाचं लक्षण मानलं जाणं किती सोपं होतं! प्रत्यक्षात आतली शिवणच सुटलेली. पुन्हा पोट उघडल्यावर हे डोळ्यांनी दिसलं, आणि जठर कापून दोन भाग पूर्ण वेगळे करण्याची रीत परत आली.

मेसन यांनीच 1980 पासून जठराला उभी स्टेपलची रांग मारून खालच्या तोंडाशी पट्टा बसवायला सुरुवात केली. तिथे निराळाच प्रकार झाला. पोळी, मांस असं घट्ट अन्न अडकायचं, उलटी व्हायची. आईस्क्रीम, मिल्कशेक मात्र सुळकन खाली उतरायचे. माणसं साहजिकच तिकडे वळली. डॉक्टरांनी याला रुग्णाची चलाखी म्हटलं. पण घट्ट अन्नाची वाट बंद करून गोडाची उघडी ठेवली होती ती ऑपरेशनाने.

पुढचा काळ भराभर बघू. सैल-घट्ट करता येणारा बँड दुर्बिणीतून बसवण्याची सुरुवात 1993 साली बेल्जियममध्ये बेलाशेव यांनी केली. अमेरिकेत त्याला 2001 साली परवानगी मिळाली. काहींचा बँड सरकला, काहींचा जठराच्या भिंतीत रुतला, काहींचं वजनच उतरलं नाही. असे असंख्य बँड नंतर काढावे लागले आणि त्या जागी बायपास किंवा स्लीव्ह आली.

या स्लीव्हची जन्मकथाही अशीच. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांच्या गटाने फार जोखमीच्या रुग्णांसाठी एका मोठ्या ऑपरेशनाचे दोन टप्पे केले. आधी जठर केळ्यासारखं निमुळतं करायचं, वजन उतरलं की आतड्याची जोडणी. पण काहींचं वजन पहिल्या टप्प्यातच पुरेसं उतरलं. अर्ध्यावर थांबलेलं हे ऑपरेशन आज जगात सगळ्यांत जास्त केलं जातं. मात्र वजन परत आलं किंवा छातीतली जळजळ असह्य झाली, तर राहिलेल्या दुसऱ्या टप्प्याकडे किंवा बायपासकडे वळावं लागतं.

आकड्यांचा एकच दाखला देतो. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सरासरी वजनघट अशी होती: बायपास 25 टक्के, मेसन पद्धतीची जठरपट्टी 16 टक्के, बँड 14 टक्के. तिन्ही गटांत सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतलं काही वजन परत आलेलं होतं. म्हणजे थोडं वजन परत येणं हा नियम आहे, अपवाद नाही. आणि किती टिकतं ते ऑपरेशनाच्या जातीप्रमाणे बदलतं. सगळे इच्छाशक्तीचे दुबळे नेमके बँडच्याच रांगेत उभे होते, असं काही म्हणता येणार नाही.

2013 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने स्थूलतेला आजार मानलं. 2014 साली तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या समितीने दुसऱ्या ऑपरेशनांचे तीन प्रकार सांगितले: पद्धत बदलणं, बिघाड दुरुस्त करणं आणि मूळ रचना पूर्ववत करणं. हे नुसतं शब्दांचं काम नव्हतं. अमेरिकेत अनेक विमा योजना ‘आयुष्यात एकदाच’ असं म्हणत ऑपरेशनाचा खर्च देत, म्हणजे दुसऱ्यांदा येणारा जणू गुन्हेगार. खुब्याचा कृत्रिम सांधा झिजला तर आपण माणसाला दोष देतो का? एका गोळीने रक्तदाब आवरला नाही तर दुसरी देतोच ना?

म्हणून दुसरं ऑपरेशन सगळ्यांनी करून घ्यावं, असा अर्थ कुणी काढू नका. आतडी चिकटलेली असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, त्यामुळे धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. इतिहासाचं सांगणं एवढंच, की आधी आत बघा. दुर्बीण घाला, बेरियमचा एक्सरे काढा, शिवण सुटली आहे का, पिशवी ताणली आहे का, बँड सरकला आहे का, ते तपासा. यातलं काहीच नसेल तर आहाराबद्दल, औषधांबद्दल, मनःस्थितीबद्दल बोला. हे सगळं झाल्याशिवाय समोरच्या माणसाला ‘तुझंच चुकलं’ म्हणायचा अधिकार कुणाला नाही. सत्तर वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो घेतला, त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा उघडलेल्या पोटाने खोटं पाडलं आहे.