द्रवीभूत नैसर्गिक वायूची आयात : भारत सरकारचे धोरण

परदेशातून जहाजाने येणारा द्रवीभूत नैसर्गिक वायू म्हणजेच एलएनजी कोणी आणायचा, कोणत्या दराने व किती वर्षांच्या करारावर आणायचा आणि किनाऱ्यावर उतरल्यानंतर तो आधी कोणाला द्यायचा, यासंबंधी भारत सरकारने १९९० च्या दशकापासून घेतलेल्या निर्णयांचा समुच्चय. या विषयाचे एकसंध असे धोरणपत्र नाही. एलएनजीची आयात खुल्या सर्वसाधारण परवान्याखाली कोणालाही करता येते. तिच्यावरील सीमाशुल्क अर्थमंत्रालय ठरवते, तर देशांतर्गत वायूचे वाटप पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालयाच्या हाती आहे. वाहिन्यांचे भाडे २००६ च्या कायद्याने स्थापन झालेले नियामक मंडळ ठरवते, आणि दीर्घ मुदतीचे करार बहुतांशी सार्वजनिक कंपन्या करतात. त्यामुळे या धोरणाची खरी दिशा घोषणांपेक्षा करारांच्या कलमांत आणि वाटपाच्या आदेशांत शोधावी लागते.

नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की तो द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. हा द्रव उष्णतारोधक टाक्यांच्या जहाजांतून येतो. जहाज जेटीला लागले की तो किनाऱ्यावरील टाक्यांत उतरवतात, मग उष्णता देऊन त्याला पुन्हा वायुरूप देतात आणि वाहिनीत सोडतात. अशा टर्मिनलला हजारो कोटींचा खर्च येतो, म्हणूनच ते उभारण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षांचा पुरवठा आणि तितक्याच काळाचा ग्राहक बांधून घ्यावा लागतो. हवामानबदलाच्या काळात या धोरणापुढे जी अडचण उभी आहे तिचे मूळ या दीर्घ बांधिलकीत आहे.

पूर्वपीठिका : मुंबई हाय आणि वसई या समुद्रातील क्षेत्रांमुळे १९८० च्या दशकात भारताला स्वतःचा वायू मिळाला. हजिराहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाहिनीने तो खतकारखान्यांपर्यंत पोचला. पुढे मागणी वाढली, पण उत्पादन त्या गतीने वाढले नाही. इराणहून पाकिस्तानमार्गे आणि तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तानमार्गे वाहिन्या आणण्याच्या योजना राजकारणात अडकून पडल्या, आणि समुद्रमार्ग हाच व्यवहार्य पर्याय उरला. १९९८ मध्ये गेल, ओएनजीसी, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी स्थापन केली. १९९९ मध्ये तिने कतारच्या रासगॅसशी वर्षाला ७५ लाख टनांचा २५ वर्षांचा करार केला. जानेवारी २००४ मध्ये ‘दिशा’ हे जहाज पहिला माल घेऊन गुजरातमधील दहेजला लागले. पुढच्याच वर्षी हजिराचे टर्मिनल सुरू झाले.

दाभोळचा धडा : एलएनजीच्या आयातीत काय चुकू शकते हे महाराष्ट्राने सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी किंमत मोजून अनुभवले. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प दाभोळच्या नावाने ओळखला गेला, तरी तो प्रत्यक्षात वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण बाजूस, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात आहे. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. दुसरा टप्पा आयात वायूवर चालायचा होता आणि त्यासाठी शेजारीच टर्मिनल बांधले जात होते. इंधनाचा दर डॉलरमध्ये आणि ग्राहक मात्र एकच, तोही रुपयांत वसुली करणारे राज्य वीज मंडळ. वीज घेतली नाही तरी क्षमता आकार भरण्याचे बंधन त्याच्यावर होते. मे २००१ मध्ये मंडळाने वीजखरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि टर्मिनल अर्धवट राहिले.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली. टर्मिनलमध्ये पहिला वायू येण्यास २०१३ उजाडले. तोवरही लाटा अडवणारी भिंत झालेली नव्हती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत या किनाऱ्यावर उघड्या समुद्रात जहाज जेटीला धरून ठेवता येत नाही, त्यामुळे पावसाळ्याचे महिने टर्मिनल बंद ठेवावे लागे. भिंतीचे काम त्यानंतरही दशकभर रेंगाळले. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या सबाइन पासहून दीर्घ मुदतीच्या करारान्वये आलेला गेलचा पहिला माल याच जेटीवर उतरला, आणि येथून पनवेलकडे व बंगळूरुकडे वाहिन्या गेल्या आहेत. असे असताना वर्षाचे चार महिने बंद राहणारे बंदर चालवत राहणे हा नियोजनातील गंभीर दोष होता. त्याचा भार अखेर सार्वजनिक कंपन्यांनी उचलला.

कोचीची कथा वेगळी असली तरी दोष त्याच जातीचा. तेथील ५० लाख टनांचे टर्मिनल २०१३ मध्ये तयार झाले, पण मंगळूरुपर्यंतची सुमारे ४५० किलोमीटरची वाहिनी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. मधली वर्षे टर्मिनलची बहुतेक क्षमता पडून राहिली. पुढे एन्नोर, मुंद्रा, धामरा आणि छारा येथे टर्मिनले झाली. देशाची एकूण आयातक्षमता आज वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास आहे आणि प्रत्यक्ष आयात तिच्या निम्म्याजवळ रेंगाळते. खर्च होणाऱ्या एकूण वायूपैकी साधारण निम्मा वायू आयातीतून येतो.

करार आणि दर : आयात वायूचा दर बहुधा खनिज तेलाच्या दराशी सूत्राने बांधलेला असतो. रासगॅसच्या मूळ सूत्रात तेलाच्या दराची ६० महिन्यांची सरासरी धरली जाई. २०१४ च्या अखेरीस तेल कोसळले, तरी जुन्या चढ्या महिन्यांमुळे कतारचा वायू महागच राहिला आणि खुल्या बाजारात तो जवळजवळ निम्म्या किमतीत मिळू लागला. पेट्रोनेटने कराराहून कमी माल उचलला. ‘घ्या किंवा पैसे भरा’ या कलमाखाली मोठा दंड लागण्याची वेळ आली. डिसेंबर २०१५ मध्ये वाटाघाटींतून सूत्र तीन महिन्यांच्या सरासरीवर आणले गेले आणि दंड माफ झाला. मोठा ग्राहक असण्याची ताकद भारताने तेव्हा नीट वापरली.

२०२२ मध्ये ही ताकद कामी आली नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपने रशियाच्या वाहिनीवायूऐवजी जहाजांवरचा वायू मिळेल त्या दराने घेण्यास सुरुवात केली. गेलने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूर येथील उपकंपनीशी वर्षाला २५ लाख टनांचा करार केला होता. त्या उपकंपनीची जर्मनीतील पालक कंपनी तेथील सरकारने ताब्यात घेतली आणि भारताकडे येणारी जहाजे थांबली. गेल लवादात गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. परंतु टंचाईच्या महिन्यांत जो माल मिळाला नाही, त्याची उणीव पैशाने भरून निघत नाही. भारताची त्या वर्षीची आयात लक्षणीय घटली. गुजरातमधील मोरबीच्या टाइल्स कारखान्यांपैकी अनेक प्रोपेनकडे वळले. श्रीमंत देश संकटात आले की गरीब ग्राहकाचा करारही सुरक्षित नसतो, हे यातून स्पष्ट झाले.

यानंतर सरकारी कंपन्यांचा कल पुन्हा दीर्घ करारांकडे झुकला. इंडियन ऑइलने अबू धाबीच्या ॲडनॉकशी आणि फ्रान्सच्या टोटलएनर्जीजशी बोलणी पुरी केली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात बेतूल येथे भरलेल्या ‘भारत ऊर्जा सप्ताहा’त पेट्रोनेट आणि कतारएनर्जी यांनी ७५ लाख टनांचा करार २०२८ ते २०४८ या काळासाठी वाढवला. यात जहाजाची जबाबदारी विक्रेत्याकडे गेली. मात्र कतारहून निघणारे प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येते, आणि खनिज तेलासाठी आहेत तसे वायूचे भूमिगत राखीव साठे भारताकडे नाहीत. टर्मिनलच्या टाक्यांत काही दिवसांचाच माल मावतो.

वापराची क्षेत्रे : वायूचा एकूण ऊर्जेतील वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ च्या सुमारास जाहीर केले. तो अजून सहा-सात टक्क्यांच्या आसपास आहे. या उद्दिष्टाचे समर्थन ‘कोळशाकडून सौर-पवनाकडे जाताना मधला टप्पा’ असे केले जाते. पण कोळशाची जागा घ्यायची ती वीजनिर्मितीत, आणि तेथेच आयात वायू हरला आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचे उत्पादन २०१० नंतर झपाट्याने घसरले आणि त्याच्या भरवशावर उभारलेली केंद्रे इंधनाविना बसली. त्यांपैकी १४ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेसाठी केंद्राने २०१५ मध्ये अनुदानित आयात वायूची योजना आणली. ती दोन वर्षांत संपली. हिशेब सरळ आहे. दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना, म्हणजे एका एमएमबीटीयूला, १२ डॉलर पडले तर चांगल्या संयुक्त चक्र केंद्रातही एका युनिटचा इंधनखर्चच सात रुपयांच्या घरात जातो. सौर वीज निविदांत अडीच रुपयांच्या आसपास मिळते. त्यामुळे वीजनिर्मितीत वायूचा वाटा दोन-तीन टक्के इतकाच राहिला. त्याचा उपयोग आहे तो टोकाच्या मागणीच्या वेळी : मे-जून २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत केंद्राने वीज कायद्याचे कलम ११ वापरून ही केंद्रे चालवायला लावली.

आयात वायू खरा जातो तो खतात. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीमागे साधारण एक एमएमबीटीयू वायू लागतो. वरच्याच दराने तो हजार रुपयांचा झाला. शेतकरी गोणीला देतो सुमारे २६६ रुपये. मधला फरक आणि कारखान्याचा इतर खर्च केंद्राच्या खत अनुदानातून भागतो. अलिबागजवळच्या थळचा कारखाना असो की गोरखपूर, बरौनी, सिंद्री येथील पुनरुज्जीवित कारखाने, २०१५ पासून सर्वांना देशी व आयात वायूचा एकत्रित सरासरी दर लागतो. नव्या कारखान्यांमुळे युरियाची आयात घटली हे खरे. परंतु ते आयात वायूवर चालतात, म्हणजे परावलंबन गोणीतून निघून जहाजात गेले. ‘युरियात स्वयंपूर्णता’ असे म्हणताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि ती सांगितली पाहिजे.

शहरी वितरणात घरगुती स्वयंपाक आणि सीएनजी यांना स्वस्त देशी वायू प्राधान्याने मिळतो. वायूच्या दरांबाबतच्या किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतील वायूला तेलाच्या दराच्या १० टक्के भाव, सुरुवातीला एमएमबीटीयूला किमान ४ व कमाल ६.५ डॉलर या मर्यादेत, दिला जाऊ लागला. जुन्या विहिरींचे उत्पादन घटते आहे, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या वाटपात मोठी कपात झाली आणि मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना महाग वायूने तूट भरावी लागली. मुंबईतल्या रिक्षाचे भाडे अशा प्रकारे कतारच्या सूत्राशी जोडले गेले आहे.

कर : नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराबाहेर आहे. आयातीवरील मूळ सीमाशुल्क २०१७ मध्ये ५ वरून २.५ टक्के झाले. राज्यांचा मूल्यवर्धित कर वेगवेगळा असून महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला.

हवामानाची बाजू : वीज करताना वायूतून कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. शहरातील धूर आणि राख यांच्या दृष्टीनेही तो कितीतरी स्वच्छ आहे. परंतु विहिरीपासून जहाजापर्यंत कोठेही मिथेन गळला तर हा लाभ आटतो, कारण आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार वीस वर्षांच्या मुदतीत मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतून निर्यात होणारा एलएनजी या हिशेबाने कोळशापेक्षाही वाईट ठरतो असे मांडले. त्यांची गृहीतके अनेकांना मान्य नाहीत. वाद काहीही असो, आयातदाराने मालाबरोबर गळतीचा मोजलेला हिशेब मागणे हे शहाणपणाचे आहे.

आंतरराष्ट्रीय हवामान परिषदांत भारताची भूमिका ठाम राहिली आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे त्याने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. पुढच्या वर्षी शर्म अल-शेख येथे एकट्या कोळशाऐवजी सर्वच जीवाश्म इंधने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आग्रह धरला. जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर मात्र सही केली नाही. त्यामागे भातशेती आणि पशुधन यांची चिंता होती. ती रास्त आहे, पण तिच्या आडून वायुवाहिन्या आणि टर्मिनले यांतील गळतीचा प्रश्न सुटत नाही. दुबईच्या २०२३ च्या ठरावात संक्रमणकालीन इंधनांना स्थान मिळाले, तेव्हा वायूनिर्यातदारांनी त्याचे स्वागत केले.

पर्याय : जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. खतकारखान्यांतील अमोनिया हा त्याचा सर्वांत स्वाभाविक ग्राहक ठरतो. शहरी वितरण कंपन्यांना २०२५-२६ पासून संपीडित जैववायूचे मिश्रण बंधनकारक असून हे प्रमाण १ टक्क्यापासून २०२८-२९ मध्ये ५ टक्क्यांपर्यंत जाणार आहे. आयात वायूची गरज खरोखर कमी करणारी हीच दोन पावले आहेत, आणि टर्मिनलांच्या विस्ताराआधी पैसा व लक्ष त्यांना मिळायला हवे. कतारशी करार २०४८ पर्यंत झाला आहे. खत, शहर आणि वीज यांपैकी कोणत्या क्षेत्रातून आयात वायू कोणत्या वर्षी मागे घ्यायचा, याचे वेळापत्रक मात्र सरकारी धोरणात नाही.