भारहूतचा नागराज आणि शिराळ्याची नागपंचमी

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी हा देहदर्शनाचा सोहळा होता. जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवावयाचे, घरोघरी पूजा, मग मिरवणूक. ज्याचा फणा उंच त्या नागाची वाहवा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या जागी प्रतिमा आली. २०२५ साली केंद्र शासनाने शैक्षणिक हेतूने मर्यादित परवानगी दिली. देहावाचून पूजेचे भागते काय, हा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही.

भारहूतच्या शिल्पकारांनी तो इसवी सनापूर्वीच हाताळला होता. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग पाण्यातून वर येतो. तोच नागराज एरापत पुढे मनुष्यरूपाने, मस्तकी फणा धारण करून, गुडघे टेकतो. समोर वृक्ष आणि रिकामे आसन. नागराज भगवंतांना वंदन करीत आहे असे कोरीव लेख सांगतो. भगवंतांची आकृती मात्र नाही. नागाला दोन देह, बुद्धाला एकही नाही! ही उणीव नसून जाणीवपूर्वक केलेली योजना आहे, असे आम्हांस वाटते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत हा नागराज गंगेत आपल्या फण्यावर कन्येस नाचवितो आणि तिच्याकडून प्रश्नरूप गीत गाववितो. उत्तर देणारा भेटला म्हणजे जगात बुद्ध उत्पन्न झाले, हे त्यास कळणार असते. नृत्याचा हेतू रंजन नव्हे, शोध आहे. मनुष्यत्व मिळत नाही म्हणून हा नागराज अखेर तथागतांपुढे रडतो.

विनयपिटकाच्या महावग्गातील नागाची कथा अधिक कठोर आहे. नागयोनीची लाज वाटून तो तरुणाचे रूप घेतो व उपसंपदा मिळवितो. पहाटे सोबतचा भिक्खू बाहेर पडताच तो निर्धास्तपणे झोपी जातो. मूळ देह प्रकट होऊन विहार व्यापतो, वेटोळी खिडक्यांतून बाहेर येतात. भगवान त्यास उपोसथ पाळावयास सांगून परत पाठवितात. परकेपण झोपेत, विश्वासाच्या क्षणी उघडे पडते, हे निरीक्षण आम्हांस विलक्षण वाटते.

या कथांतील नाग केवळ सर्प मानावयाचे काय? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाग लोकांस बुद्धधम्माचे प्रसारक म्हटले. त्या दृष्टीने महावग्गाची कथा पुन्हा वाचावी लागते. नाग परत गेला, त्याचे नाव मात्र संघाच्या दाराशी राहिले: थायलंडात उपसंपदेच्या उमेदवारास आजही नाग म्हणतात, आणि विधीत तो मनुष्य आहे काय, असे त्यास विचारले जाते.