अळ्या, दीर्घिका आणि न दिसणारी केंद्रे

शेताचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकातल्या अळ्या मोजल्या, तर काही चौकोन रिकामे आणि काहींत दाटी, असे का? संख्याशास्त्रज्ञ येझी नेमान यांनी १९३९ साली यावर विचार केला. कीटक अंड्यांचे पुंजके घालतो. पुंजके कुठेही पडतात, अळ्या मात्र त्यांच्या आसपासच सरपटतात.

१९५२ मध्ये नेमान आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी हेच प्रारूप आकाशाला लावले. अळीच्या जागी दीर्घिका, अंड्यांच्या पुंजक्याच्या जागी दीर्घिका-समूहाचे केंद्र. मोजणी हाताशी होती. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत शेन आणि विर्टानेन छायाचित्रांच्या काचांवर १० कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग, बाजूच्या चौकोनांत दीर्घिका डोळ्यांनी मोजत होते. (अशा १,२४६ काचा! चिकाटी म्हणतात ती हीच.)

अडचण अशी, की केंद्रे दिसतच नाहीत. वर्गात कागदावर चार-पाच मणी टाकावेत, प्रत्येकाभोवती ज्वारीचे दाणे पसरावेत आणि मणी उचलून घ्यावेत. आता नुसत्या दाण्यांवरून मणी किती होते ते ओळखा! आपल्या हाती राहतात ती दाण्यांमधली अंतरे. ती जुळेपर्यंत केंद्रांची संख्या, दर केंद्रामागची संख्या आणि पसारा बदलत राहायचे.

पण कधीकधी आकडे बदलून भागत नाही. १९६९ मध्ये तोत्सुजी आणि किहारा या जपानी शास्त्रज्ञांनी लिकच्या मोजणीवरून दाखवले, की एका दीर्घिकेजवळ दुसरी सापडण्याची जादा शक्यता अंतराच्या १.८ व्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले की सुमारे साडेतीन पटींनी कमी. यात समूहाला ठरावीक आकार असा उरतच नाही. मग साच्यालाच हात घालावा लागला. सोनेरा आणि पीबल्स यांनी १९७८ मध्ये मोठ्या गोलात लहान गोल, त्यांत आणखी लहान, अशी उतरंड रचली.

त्याहून अवघड शंका वेगळीच होती. एखादी काच जास्त संवेदनशील असेल, तर तिच्यावर दीर्घिका जास्त दिसणार. मग दाटी आकाशातली की काचेवरची? बार्टलेट यांनी १९६४ मध्येच दाखवले होते, की पुंजक्यांनी झालेली दाटी आणि जागोजागच्या कमीजास्त घनतेने झालेली दाटी एकाच नकाशावरून वेगळी काढता येतेच असे नाही. आमच्या मते या इतिहासातला कळीचा मुद्दा हाच. १९७७ मध्ये काचांच्या दुरुस्त्या नव्याने काढल्या गेल्या. त्या पुरेशा नाहीत, असा आक्षेप १९८६ मध्ये द लापारां, कुर्ट्झ आणि गेलर यांनी घेतला. १९९० साली केंब्रिजच्या यंत्राने वेगळ्याच काचांवरून केलेल्या सुमारे २० लाख दीर्घिकांच्या मोजणीचे निष्कर्ष आले, तेव्हा तुलनेला दुसरा नकाशा मिळाला.