पाण्यांतला पाया

घर बांधावयाचें तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावें, ही आपल्या गवंड्यांची जुनी शिकवण. काळ्या मातीला पाणी मिळालें कीं ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून पायाशीं पाणी मुरूं न देणें हाच आपल्याकडे शहाणपणा ठरला. वलंदाजांच्या ॲमस्टरडॅम शहरांत मात्र लोकांनीं याच्या नेमकें उलट केलें, व तें त्यांस साधलें.

वेंगुर्ल्यास वखार घालणाऱ्या या लोकांच्या मुख्य शहराखालीं खडक असा नाहींच. वर पाणथळ मऊ माती व चिखल. वाळूचा पहिला भक्कम थर सुमारें 40 फूट खोल. प्रारंभीं घरें लांकडी, म्हणून हलकीं होतीं. 1452 सालच्या आगींत शहराचा बराच मोठा भाग जळाला आणि विटांच्या भिंतींची सक्ती होत गेली. आगीचें भय कमी झालें, पण वजन वाढलें! तेव्हां नॉर्वेहून व बाल्टिक किनाऱ्यावरून लांकूड आणून त्याचे खांब वाळूपर्यंत ठोकण्याची पद्धत रूढ झाली. टांगलेला जड ठोकळा अनेक माणसें तालावर दोरांनीं वर ओढीत व सोडून देत. या कामाचीं त्यांचीं खास गाणीं असत. 1648 सालीं आरंभिलेल्या नगरभवनाखालीं असे 13,659 खांब आहेत. आज तो राजवाडा आहे.

लांकूड पाण्यांत कुजतें असें आपण समजतों. खरें पाहतां तें कुजविणाऱ्या बुरशीला हवा लागते. खांबांचीं डोकीं भूजलाच्या पातळीखालीं राहिलीं तर तीं शतकानुशतकें टिकतात. पातळी उतरली कीं कुजूं लागतात. म्हणून घरमालक कितीही दक्ष असला तरी पाया त्याच्या एकट्याच्या हातीं नाहीं. शेजारीं कोणी बांधकामासाठीं पाणी उपसलें, किंवा फुटक्या गटारांतून भूजल वाहून गेलें, कीं याची भिंत खचण्याचा संभव. त्यांतून पुष्कळ जुन्या घरांची भिंत समाईक! समाईक भिंतीवरून आपल्याकडे भावाभावांत कज्जे चालतात. तेथें दोघांनीं एकत्र आल्यावांचून पायाची दुरुस्ती नीट होत नाहीं. मला तर या इतिहासांत स्थापत्यापेक्षां हा सक्तीचा शेजारधर्मच अधिक लक्षणीय वाटतो.

पाणी राखलें म्हणजे सर्व साधलें, असेंहि नाहीं. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची थोरली वखार, कंपनी बुडाल्यावर, 1822 सालीं धान्याच्या भारानें चिखलांत खचली. शिवाय पाण्याखालींहि कांहीं जिवाणू पाइनचें लांकूड सावकाश खातात, हें आतां कळलें आहे. काँक्रीटचे खांब आले, तरी हजारों जुनीं घरें अजून लांकडावरच उभीं आहेत. शंका आली कीं भिंतीलगत खड्डा खणून खांब उघडे करतात, त्यांत टोंकदार खिळा मारतात, आणि तो किती आंत जातो तें मोजतात. त्या मापावर घराची किंमतहि ठरते.