३१ जानेवारी : व्हर्सायच्या बँडला ग्रॅमी

३१ जानेवारी २०१०. लॉस एंजेलिस येथे ५२ व्या ग्रॅमी सोहळ्यात ‘फिनिक्स’ या फ्रेंच पॉप-रॉक बँडच्या ‘वोल्फगांग अमाडेउस फिनिक्स’ला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह म्युझिक अल्बमचा पुरस्कार मिळाला.

व्हर्सायच्या या चौघांनी हा अल्बम पॅरिसमध्ये घडवला. सहनिर्माता होता फिलिप झ्दार, फ्रेंच हाउस संगीतातला कसलेला कलावंत. त्याच्यामुळे गिटार आणि सिंथेसायझर इथे हातात हात घालून चालतात.

या यशाचं मोल पुरस्कारापुरतं नाही. गाणी इंग्रजीत असली तरी बँडने आपली युरोपीय ओळख पुसली नाही. ‘लिस्टोमेनिया’ला पियानोवादक फ्रान्झ लिस्टभोवती उसळलेल्या वेडाचं नाव आहे, तर ‘१९०१’मध्ये विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं पॅरिस आहे. हेच ‘१९०१’ बँडने अल्बमच्या काही महिने आधी इंटरनेटवर मोफत दिलं आणि ते सातासमुद्रापार पोहोचलं.

झ्दारचं २०१९ मध्ये पॅरिसमध्ये अपघाती निधन झालं. ही दोन्ही गाणी मात्र ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपात ‘फिनिक्स’नेच भरगच्च स्टेडियममध्ये सादर केली.