मांडीवरून उतरलेले मूल

मराठी वैद्यकीय पुस्तकांत बालकुपोषणासाठी दोन शब्द आहेत : सुकटी आणि सुजवटी. एकात मूल सुकते, दुसऱ्यात सुजते. दोन्ही शब्द चपखल. पण ते डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतात. सुजवटीचे वैद्यकशास्त्रातील नाव आहे ‘क्वाशिओरकोर’. हा शब्द ना लॅटिन, ना ग्रीक. तो पश्चिम आफ्रिकेतील गा भाषेचा आहे आणि त्यात एका घराची हकिकत दडलेली आहे.

ती जगापुढे मांडली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी. जन्म १८९३, जमैका. शिक्षण ऑक्सफर्ड आणि लंडन. १९२९ मध्ये त्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, रुजू झाल्या.

अक्रा शहरात त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुले येत. हातपाय सुजलेले, केस तांबूस, कातडीचे पापुद्रे सुटलेले. बहुतेक दगावत. विल्यम्स यांनी स्वतः शवविच्छेदने केली. पण उलगडा शवागारात झाला नाही. त्यांनी तिथल्या बायकांनाच विचारले, याला तुम्ही काय म्हणता? नावातच उत्तर होते : पुढचे बाळ जन्मले की पायउतार झालेल्या आधीच्या बाळाला जडणारा आजार.

धाकटे अंगावर पिऊ लागले की थोरल्याचे दूध तुटते आणि वाट्याला येते मक्याची पेज. तिने पोट भरते, पोषण होत नाही. (प्रथिनांची उणीव हेच एकमेव कारण का, यावर पुढे बराच वाद झाला.) १९३३ मध्ये विल्यम्स यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हा तर पेलाग्राच, असा आक्षेप ह्यू स्टॅनस या मान्यवर तज्ज्ञाने घेतला. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात विल्यम्स यांनी गा भाषेतील नावच शीर्षस्थानी ठेवले. वसाहतीतील निरक्षर मातांचे निदान असे लंडनच्या नियतकालिकात छापले गेले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

१९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. तिथला प्रश्न वेगळा होता. अंगावर दूध असलेल्या मातांच्या गळी डब्यातले गोड, आटवलेले दूध उतरवले जात होते. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण दिले. शीर्षक होते ‘दूध आणि खून’. शिशुआहाराच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचारामुळे होणारे मृत्यू खूनच मानावेत, असे त्यांनी व्यापाऱ्यांच्याच सभेत बजावले.

मग युद्ध आले. १९४२ ते १९४५ त्या जपान्यांच्या कैदेत होत्या. त्यांतले काही महिने केंपेताई या लष्करी पोलिसांच्या कोठडीत. चांगीच्या छावणीत २० बाळे जन्मली, सगळी मातेच्या दुधावर वाढली आणि सगळी जगली, असे त्या सांगत. सुटकेनंतर, १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या.

वरच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मात्र मे १९८१ मध्येच संमत झाली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एक, अमेरिकेचे. विल्यम्स तेव्हा ८७ वर्षांच्या होत्या. भारताने यासंबंधीचा कायदा १९९२ मध्ये केला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.