मासवडीची कुळकथा

जुन्नर-आंबेगावकडे सन्मानाचा पाहुणा आला म्हणजे जिचा घाट हमखास घातला जातो, ती मासवडी आकाराने मासळीची आठवण देत असली, तरी तिच्यात मासळीचा अंशही नसतो. फोडणीच्या उकळत्या पाण्यात डाळीचे पीठ गुठळी होऊ न देता हाटून ते ओल्या फडक्यावर थापावे, वर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण व कोथिंबीर यांचे सारण पसरावे, आणि फडक्यासकट दुमडून हाताने दाबावे. मग वड्या कापून त्या रश्शाबरोबर नि बाजरीच्या भाकरीशी खाव्यात.

बालमित्रांनो, या ताटातली बाजरी मूळची आफ्रिकेतली, हरभरा आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय मुलखातला. तीळ मात्र आपल्याच उपखंडातला, हडप्पाच्या उत्खननात त्याचे जळके दाणे सापडले आहेत. कडधान्याशी या खोऱ्याचा ऋणानुबंध तर फार जुना: आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी घोड नदी पुढे ज्या इनामगावाजवळून वाहते, तेथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा हुलगा आणि मसूर हाती आला.

या दाण्यांत असते ते प्रथिन. तुमचे स्नायू, त्वचा, केस, नखे, रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य, अन्न पचविणारे रस आणि रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्ये ही सारी प्रथिनांचीच घडण असून, ती वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनते. त्यांपैकी नऊ शरीराला पुरेशी बनविता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. या नवांपैकी लायसिन बाजरीत उणे, ते हरभऱ्यात विपुल. हरभऱ्यात मेथिओनिन उणे, ते तिळात भरपूर. रसायनशास्त्राला या आम्लांची ओळखही नव्हती, तेव्हापासून धान्य आणि कडधान्य एका ताटात वाढणाऱ्या आपल्या गृहिणींच्या शहाणपणाविषयी मला अपार आदर वाटतो.

शिवनेरीवर धान्याचा अंबरखाना आहे. तशी आपल्या शरीरातही साखरेची साठवण यकृतात आणि चरबीची त्वचेखाली होते, परंतु अमिनो आम्लांसाठी असे कोठार निसर्गाने बांधलेले नाही. जास्तीची आम्ले मोडली जातात, त्यांतील नत्र युरियारूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो, आणि रसद तुटली तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून निकड भागविते; वाढत्या वयात तर उंचीही खुंटते. म्हणून सणासुदीच्या मासवडीवर विसंबून चालत नाही. एरवीच्या दिवशी झुणका, मटकीची उसळ किंवा हुलग्याचे शेंगोळे भाकरीच्या जोडीला हवेतच.